काका, आमचा जुना कॉम्प्युटर तुम्ही भंगारात जाऊ दिला नाहीत

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या इंदिरानगरात आणखी कितीतरी घरांत असाच जुना डेस्कटॉप कण्हत पडला असणार, म्हणून चारचौघांत आभार मानते.

आमचा कॉम्प्युटर फार संथ झाला होता, आणि एम. जी. रोडवरच्या एका दुकानात "ताई, नवीनच घ्या" एवढंच ऐकायला मिळालं होतं. तुम्ही मात्र कॅबिनेटला हात लावायच्या आधी टास्क मॅनेजर उघडलात, म्हणजे कोणत्या भागावर किती ताण आहे हे दाखवणारी विंडोजची खिडकी. प्रोसेसर निवांत, रॅम (चालू कामापुरती मेमरी) भरत आलेली, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसाची सवय ती: आधी मीटर, मग पाना. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तेही फाइल सलग असेल तर. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, तिथेच ती दमते, हे तुम्ही चहा पिता पिता समजावलंत. साध्या साटा एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, आणि वेग पाचशेच्या घरात.

तरी आधी सगळे फोटो आणि माझ्या शिकवणीच्या नोट्स बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावल्यात. मग २५६ जीबीची एसएसडी आली, विंडोज जसंच्या तसं तिच्यावर गेलं. जुनी डिस्क फोटोंसाठी आतच राहिली.

रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची. त्यानंतरच्या डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, त्यामुळे ४ जीबीची जुळणारी पट्टी तुम्ही सेकंडहँड शोधून आणलीत. ग्राफिक्स कार्डासाठी चिरंजीव हटून बसले होते. शाळेचे प्रोजेक्ट करायला ते कशाला, म्हणून तुम्ही सरळ नाही म्हणालात. माझे खरे पैसे तिथे वाचले! आणि लाइट गेले की तारीख मागे जायची, बँकेची साइट उघडायची नाही, त्याचं मूळ मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल निघाला. किरकोळ किमतीचा.

आमच्या विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीतला. त्यावर तुम्ही लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवलंत, आवडल्यावरच एसएसडीवर टाकलंत. आता नेटचं सगळं काम तिथेच. सासरे पत्ते खेळतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. खाली विंडोज आहे की आणखी काही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, हे मला अजून पटलेलं नाही. पंख्याची घरघर तेवढी राहिली आहे. त्यासाठी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) आणून ठेवली आहे. रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई