पूररेषेच्या ‘आत’ की पूररेषेला ‘लागून’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पूररेषेतील आणि ओढ्याकाठच्या इमारतींचे आकडे आपल्या दैनिकात वाचायला मिळतात. मात्र तो आकडा काढताना नकाशाला नेमके काय विचारले होते, हे बातमीत नसते, आणि उत्तर तर त्या विचारण्यावरच ठरते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर सहकारनगरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला विसरणे शक्य नाही. म्हणून अलीकडे क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करण्याचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर घेतले, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून ओढ्याची रेषा व इमारतींचा लेअर (नकाशाचा स्वतंत्र थर) उतरवला आणि ओढ्यापासून ३० मीटरच्या पट्ट्यात कोणकोणत्या इमारती येतात, ते पाहायला बसलो. पहिल्याच फटक्यात सगळ्या इमारती पिवळ्या झाल्या. निवड झाली की आकृती पिवळी दिसते. नकाशा अक्षांश-रेखांशांत असल्याने बफरसाठी, म्हणजे ओढ्याभोवतीच्या पट्ट्याच्या अंतरासाठी, भरलेले ३० हे ३० अंश धरले गेले होते आणि माझा ओढा अरबस्तानापासून थायलंडपर्यंत पसरला होता! दोन्ही लेअर यूटीएमच्या ४३ उत्तर या, पुण्याला लागू पडणाऱ्या आणि मीटरमध्ये मोजणाऱ्या, प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) नव्याने जतन केल्यावर पट्टा ताळ्यावर आला.

खरी गोम त्यापुढे होती. ‘सिलेक्ट बाय लोकेशन’ या सोयीत दोन आकृतींचे नाते आपणच सांगावे लागते. ‘इंटरसेक्ट’ निवडले, तर जिचा केवळ एक कोपरा पट्ट्यात शिरतो ती इमारतही मोजली जाते. ‘आर विदिन’ निवडले, तर संपूर्णपणे आत असलेल्याच इमारती उरतात. आमच्या गल्लीच्या टोकाची एक सोसायटी, जिचा फक्त जिना पट्ट्यात येतो, पहिल्या प्रश्नाला पिवळी झाली आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ववत. शिवाय उतरवलेली रेषा ही ओढ्याची मध्यरेषा होती, काठ नव्हे, त्यामुळे जिथे पात्र रुंद आहे तिथे माझे ३० मीटर बरेचसे पाण्यातच संपले. छपरावरून रेखलेली इमारत प्रत्यक्ष जोत्यापासून थोडी सरकलेली असू शकते, ते वेगळेच.

घरबसल्या केलेल्या हौशी उद्योगात हे खपून जाते. पण सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांवर बांधकामाची परवानगी अवलंबून असते, तिथे ‘आत’ आणि ‘लागून’ यांतला फरक एखाद्याच्या घराचा प्रश्न होऊन बसतो. म्हणून आपणास विनंती की, असा आकडा छापताना कोणती रेषा, किती मीटर आणि अंशतः आत असलेल्या इमारती धरल्या की वगळल्या, एवढे एका ओळीत द्यावे. संबंधित कार्यालयांनीही पूररेषा केवळ पीडीएफमधील चित्र म्हणून न देता लेअरच्या रूपात खुल्या कराव्यात. चित्रातली रेषा डोळ्यांना दिसते, पण तिच्यावर अशी निवड चालवता येत नाही.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे