पितळ ठोकून मऊ होत नाही, साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा लेख वाचला, फोटो तर एकदम झकास, पण त्यात एक वाक्य आहे की कारागीर पितळ ठोकून ठोकून मऊ करतात आणि मग आकार देतात. हे बरोब्बर उलटं छापलंय. मी बत्तीस वर्षं मिरज एमआयडीसीत टूलरूमला डाय-पंच (धातू दाबून आकार द्यायचे साचे) केलेत, त्यामुळं ते वाक्य घशाखाली उतरेना. ठोकलं की पितळ कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं. एवढंच लिहून पोस्टात टाकणार होतो पण आमची मंडळी म्हणाली, नुसतं चुकलं म्हणून काय सांगता, का ते पण सांगा की. म्हणून जावयाच्या गॅरेजमधली गोष्ट सांगतो, त्यात सगळं येतंय.

लेक-जावई अमेरिकेत ओहायोला असतात, मागच्या उन्हाळ्यात तीन महिने तिथं होतो. जावईबापूंना रायफल शूटिंगचा नाद, आणि तिकडं हौशी लोक उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस, म्हणजे मागं राहणारं नळकांडं, परत नीट करून वापरतात, घरीच, गॅरेजात हातप्रेस लावून. आधीच सांगतो, आपल्याकडं हा उद्योग कुणी करायचा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणं दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि त्याचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच धरलेत. मला आठवण म्हणून एक रिकामी केस आणायची होती तर जावईबापू म्हणाले, "पप्पा, एअरपोर्टवर त्या एका केसपायी तुमची अख्खी बॅग उपसतील." राहूदे म्हटलं. दारू भरायच्या टेबलाकडं तर मी फिरकलोच नाही, मला रस होता तो पितळेत.

तर जावयांनी मिलिटरीच्या वापरलेल्या केसेसची एक पिशवी स्वस्तात आणलेली, .308 च्या, म्हणजे आपण 7.62 म्हणतो तसल्या. त्या काय केल्या केस दाबून मापात आणायच्या डायमधनं साईझच होईनात. झालेल्या वाटायच्या पण रायफलीत घातल्या की बोल्ट, म्हणजे मागनं बंद करणारा दांडा, शेवटचं सूतभर बंद व्हायचा नाही. चार दिवस तो पोरगा डायवर चिडून बसलेला, डायच खराब आहे म्हणून. मी म्हटलं आधी मायक्रोमीटर आणा.

आता हे होतं कसं ते बघा. गोळी उडते तेव्हा आत दर चौरस इंचाला साठ हजार पौंडाच्या घरात प्रेशर होतं, त्यानं केस फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला चिकटते, गॅस मागं येऊ देत नाही, आणि प्रेशर उतरलं की थोडी आत येते, पण पहिल्याएवढी येत नाही. मिलिटरीच्या मशीनगनचं चेंबर ऐसपैस असतं, त्यात उडवलेली केस जास्तच फुगते. माप घेतलं तर तळाजवळ 12.04 मिमी, नव्या केसला तिथं जास्तीत जास्त 11.96 चालतं. साध्या डायमधनं काढली की 11.99, त्याच्या खाली यायचं नाव नाही. डाय बरोबर होता, पितळच परत फुगत होतं. स्प्रिंगबॅक म्हणतात ते हेच. पत्रा बेंड करताना नव्वद अंशाला दाबला तरी सोडल्यावर ब्याण्णव-त्र्याण्णव उघडतो की नाही, तसं. आणि पितळ जेवढं कडक तेवढं जास्त मागं येतं.

प्रेसचंही एक असतं. हँडल पूर्ण खाली आणलं तरी जड जॉबला प्रेसची फ्रेमच किंचित ताणते, आणि डाय आणि खालच्या, केस धरणाऱ्या होल्डरमध्ये अगदी बारीक फट राहते. मागं बल्ब धरला की उजेड दिसला. डाय पाव आटा खाली घेतला, हँडल खाली दाबून पाच-सहा सेकंद तसंच धरलं, केस अर्धी फिरवून परत एकदा दाबली, त्यात थोड्या निघाल्या. बाकीच्या निघेनात.

मग मी शहाणपणा केला. वंगण जास्त झालं की केसच्या खांद्यावर (तोंडाखाली ती निमुळती होते तिथं) खळगे पडतात, कारण डायमध्ये अडकलेलं तेल दबत नाही, ते पितळच आत ढकलतं. म्हणून मी म्हटलं जरा कमीच लावू. एवढं कमी लावलं की तिसरीच केस डायमध्ये जाम! हँडल उचलायला गेलो तर बुडाची कड फाटली आणि केस आतच. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अडकलेले जॉब काढले आणि जावयासमोर स्वतःचा अडकवून बसलो, नातू दारात उभा राहून बघतोय. शेवटी केसच्या बुडाला ड्रिल मारलं, पाव इंची टॅप फिरवून आटे पाडले, वर वॉशर ठेवून बोल्ट आवळत गेलो तशी ती कुईं कुईं करत बाहेर आली. लेक म्हणाली, "पप्पा, झालं का दुरुस्त?" मी गप्प.

आता मुद्द्याचं. जावई म्हणाले, पितळ कडक झालंय ना, मग तापवून मऊ करूया की. बोलणं बरोबर, पण अर्धंच. केसचं तोंड आणि खांदा प्रत्येक खेपेला फुगतो-दबतो, ठोकल्यासारखाच कडक होत जातो आणि एक दिवस तोंडाला उभी चीर पडते. तिथं ताव द्यायचा, साधारण 400 अंश सेल्सिअसला काही सेकंद, लाल करायचं नाही. पण बूड? बुडाला ताव दिला तर खेळच संपला. ते कडकच पाहिजे, एवढं प्रेशर मऊ बूड धरणार नाही, फाटलं तर गॅस तोंडावर. जुने लोक केसेस थाळीत पाण्यात अर्ध्या उभ्या करून वरची तोंडं तापवायचे, बूड थंड राहावं म्हणून. आणि पाण्यात पाडलं म्हणून पितळ कडक होत नाही बरं का. लोहार कोयत्याला पाणी देतो तो पोलादाचा गुण, पितळेला पाणी चढत नाही.

आणि आमचा घोळ तर बुडाशीच होता! म्हणजे जिथं अडलंय तिथं ताव चालत नाही आणि जिथं ताव चालतो तिथं काही अडलेलं नाही. त्यावर औषध एकच, बुडाशी अजून चार-पाच शतांश मिमी टाईट असलेला डाय, स्मॉल बेस म्हणतात तिकडं. तो मागवला, केसेस 11.94 ला आल्या, बोल्ट लोण्यासारखा बंद. ज्यांच्या बुडाच्या जरा वर चकाकती रेघ दिसली, म्हणजे आतनं पितळ पातळ होऊन तुटायला आलेलं, त्या मी सरळ चेपून भंगारात टाकल्या. जावयांना वाईट वाटलं, पैसे दिलेले. वाटूदे.

अजून एक राहिलं. वंगण पुसायला जावई काचा पुसायचं निळं लिक्विड घेऊन आले, हात धरला त्यांचा. त्यात अमोनिया असतो. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की पडल्या पडल्या तडकायची. दमट हवा, घोड्याच्या मुतातला अमोनिया आणि बनवताना पितळेत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आलं की चीर. पावसाळ्याच्या सीझनमध्ये होतं म्हणून नावच सीझन क्रॅकिंग पडलं, आणि 1921 साली त्याचा नीट उलगडा झाला. उपाय काय तर हलका ताव देऊन ताण काढणे. मी जावयांना म्हटलं चिंच लावा, आईची समई कशानं घासायची ती आठवा.

तांबटाचंही हेच चाललेलं असतं. पत्रा ठोकतो, कडक होऊन तडकायला आला की भट्टीत टाकून मऊ करतो, परत ठोकतो, आणि शेवटची मठारणी, म्हणजे हातोडीनं बारीक ठोकणं, करतो ती कडक ठेवण्यासाठीच, म्हणून घागर आपटली तरी लगेच चेपत नाही. तेवढी एक दुरुस्ती येत्या रविवारी छापा, कुठंतरी कोपऱ्यात चालेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर
विश्रामबाग, सांगली