कोंढाळीजवळच्या संत्रा बागायतदार दादा-वहिनींना जाहीर आभार

आदरणीय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका, असे निघताना आपण दोघांनीही बजावले होते, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. मात्र चारचौघांत आभार मानल्याशिवाय आमच्या घरात कोणालाच चैन पडणार नव्हते.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, गाडीमागे भाड्याने घेतलेला कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून नागपूरहून चिखलदऱ्याला निघालो होतो. हवामान खात्याने विदर्भात वादळी वाऱ्यासह पावसाचा इशारा दिला होता आणि तो आम्ही वाचलाही होता, परंतु अवकाळी पावसाची एखादी सर येऊन जाईल, असे आम्ही धरून चाललो. ती आमची चूक होती. बाजारगाव मागे पडले तेव्हा लख्ख ऊन होते, आणि कोंढाळी जवळ येईपर्यंत पश्चिमेकडचे आभाळ काळेकुट्ट झाले.

आडव्या वाऱ्यात ट्रेलर ओढणे म्हणजे काय, हे आम्हांला त्या दहा मिनिटांत कळले. ट्रेलरची उंच, सपाट बाजू वाऱ्याला शिडासारखी सापडते, तो डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि त्या झोक्यांबरोबर पुढची गाडीही खेचली जाते. माझ्या पतींनी करकचून ब्रेक न लावता वेग हळूहळू कमी केला आणि गाडी दिसेल त्या पहिल्या पांदणीत वळवली. तेथे पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत ट्रेलरचे डावे चाक निम्म्याहून अधिक रुतले, आणि पाठोपाठ गारा सुरू झाल्या.

त्या गारांत डोक्यावर गोणपाट धरून आपण धावत आलात. माझे पती बाभळीखाली उभे राहून ट्रेलर गाडीपासून सोडवण्याची खटपट करत होते. ‘झाडाखाली नका थांबू जी, पयले गाडीत बसा,’ हे आपले पहिले शब्द होते. विजा कडाडत असताना एकट्या झाडाचा आसरा घेणे किती घातक असते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. ऐन वेळी आठवण आपण करून दिलीत, तीही स्वतः उघड्यावर उभे राहून. विजांचा जोर ओसरल्यावर आपण आणि आपल्या मुलाने सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून चिखलातून घरापर्यंत नेले.

वहिनी, आपण सासूबाईंना आपले धुवट लुगडे नेसायला दिलेत, चुलीजवळ बसवून त्यांचे पाय शेकलेत आणि इतक्या अवेळी आम्हां पाच जणांसाठी भाकरी थापल्यात. टिनांवर गारांचा असा मारा चालला होता की एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. माझी धाकटी घाबरून रडत होती, तिला आपण कणकेची चिमणी करून दिलीत. ती चिमणी वाळून तडकली आहे, तरी लेकीने अजून जपून ठेवली आहे.

दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ट्रॅक्टर काढलात. ट्रेलरच्या जोडणीच्या दांडीला साखळी बांधली तर ती वाकेल, असे सांगून आपण चिखलात आडवे झालात आणि साखळी खालच्या चेसिसला अडकवलीत. चाकाला पकड मिळावी म्हणून जळणासाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांचे भारेच्या भारे आपण चाकापुढे पसरलेत. वर्षभराच्या चुलीची ती बेगमी होती. सुमारे तासाभराने ट्रेलर वर आला. डिझेलचे पैसे देऊ केले, तेव्हा आपण हात मागे घेतलात.

एवढे सगळे आटोपल्यावर आपण आपल्या बागेकडे वळलात आणि आम्ही मागोमाग आलो. आंबिया बहाराची बोराएवढी हिरवी फळे झाडांखाली अक्षरशः पसरली होती, पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि झाडांवर उरलेल्या कित्येक फळांवर गारांचे डाग पडले होते. जानेवारीतल्या फुलोऱ्यापासून जपलेले ते पीक होते. आपले काय झाले असेल याची कल्पना आपल्याला रात्रीच आली असणार, तरी आमच्यासमोर आपण त्याचा एक शब्दही काढला नाहीत. आपण वाकून एक फळ उचललेत, अंगठ्याने पुसलेत आणि परत खाली ठेवलेत. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमची तर केवळ सहल बुडाली होती.

माझ्या मुलाने पंचनाम्यासाठी म्हणून काढलेले बागेचे सर्व फोटो आपल्या मुलाकडे पाठवले आहेत. वहिनींचे लुगडे धुऊन, घडी करून ठेवले आहे. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होईल तेव्हा सासूबाईंना घेऊन ते परत करायला येऊ. झाडांवर जे फळ टिकेल, त्यातले आमच्या घरचे आणि आमच्या सोसायटीतल्या पंधरा घरांचे आपल्याकडूनच घ्यायचे ठरले आहे. डाग असलेले फळही चालेल. भाव मात्र बाजारात असेल तोच लावावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
नागपूरची एक भगिनी