मेस्त्री, चूक माझ्या क्लचची नव्हती

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. "पाटी लावली की उधारीवाले पत्ता शोधत येतात," म्हणून ज्यांनी इतक्या वर्षांत गॅरेजला पाटी लावली नाही, त्यांचं नाव मी चारचौघांत कशाला फोडू? जयगडच्या जेटीवरून चढून वर येणाऱ्यांना कळेलच. तुम्हाला स्वतःला हे वाचायला फुरसत नसणार, तेव्हा लेकाकडून वाचून घ्या.

फेब्रुवारीत आईच्या मोतीबिंदूचं ठरलं आणि आमच्या गुहागर-रत्नागिरी फेऱ्या सुरू झाल्या. चिपळूणवरून वळसा घालायचा तर तिची कंबर धरते. म्हणून पालशेत, हेदवी करत तवसाळ गाठायचं, फेरीबोटीतून खाडी ओलांडून जयगडला उतरायचं, आणि मग गणपतीपुळे, आरे-वारे असं समुद्र उजव्या हाताला ठेवून रत्नागिरी. गाडी २००४ सालची, पेट्रोलवरची, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. तोवर तिने कधी मान टाकली नव्हती.

पहिल्यांदा टाकली ती बोटीतच. बोट जयगडला टेकली, पुढच्या गाड्या निघाल्या, आणि माझी नुसती कुरकुरत राहिली. स्टार्टर फिरतोय, बॅटरी जोरात आहे, इंजिन काही पकडत नाही. मागून हॉर्नचा गजर. बोटीवरच्या पोरांनी ढकलून वर काढली. वीस मिनिटांनी सहज चावी फिरवली, तर पहिल्या हाकेला ओ दिली.

दुसऱ्या वेळचं मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आरे-वारेचा उतार, तिसरा गिअर, समोर वळण, आणि इंजिनचा आवाजच गेला. घाबरून मी क्लच दाबला. स्टिअरिंग जड झालं. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पायाखाली जणू लाकूड. मागे आई सरबताची बाटली मांडीवर धरून म्हणाली, "अगो, आता बघ कशी आवाज न करता चालली आहे!"

त्यानंतर एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. कुठलं ते सोडा. त्यांनी स्कॅनर लावला, त्यात काही दिसलं नाही. मग प्लग बदलले. आठवड्याने पेट्रोलचा पंप बदलला. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली. प्रत्येक वेळी गाडी त्यांच्या दारात थंड होऊन पोचायची आणि शहाण्या मुलीसारखी वागायची. ११,००० रुपये गेले. शेवटी तिथला माणूस माझ्याकडे न बघता माझ्या दिरांकडे बघून म्हणाला, "मॅडम क्लच जरा लवकर सोडतात." एकवीस वर्षं गाडी चालवते आहे मी, मेस्त्री. दिरांना गाडी येतसुद्धा नाही.

आणि मग तुम्ही. तिसऱ्यांदा जेटीवर अडकले तेव्हा बोटीवरच्याच एका पोराने तुम्हाला फोन लावला. तुम्ही मोटारसायकलवरून आलात, बॉनेटला हात लावला नाहीत, आणि विचारलंत, "बाई, चालत्या गाडीत बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा कसा पडला? हळूहळू, की धाडकन?"

मला सांगता आलं नाही. इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या त्या काट्याकडे बघतं कोण! तुम्ही हसला नाहीत, की 'असू दे' म्हणाला नाहीत. "पुढच्या वेळी बघा," म्हणालात. पेट्रोल कमी पडून बंद पडणारी गाडी आधी आचके देते आणि चाकांबरोबर काटा उतरत जातो. पण चाकं इंजिनला फिरवत असताना काटा एकदम शून्यावर गेला, तर इंजिन फिरतंय ही खबरच गाडीच्या कॉम्प्युटरला पोचत नाही, हे तुम्ही मला तिथे जेटीवर उभं राहून समजावलंत. वही घालायला सांगितलीत: किती वेळ चालवल्यावर बंद पडली, एसी होता का, चावी लावल्यावर मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण आली का, किती वेळाने सुरू झाली. मास्तरणीला वही घाल म्हणणं म्हणजे माशाला पोह म्हणणं. मी रेघा मारून रकाने पाडले.

तुमचा पहिला अंदाज चुकला, हेही इथे लिहिते. तुम्हाला राग येणार नाही. तुम्हाला मेन रिलेचा, म्हणजे इंजिनला वीज सोडणाऱ्या स्विचचा, संशय होता; जुन्या रिलेच्या आतले सोल्डरचे डाग तापले की सुटतात, असं म्हणालात. रिले बदललात. इंजिनची अर्थिंगची पट्टी खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडली होती, तीही खरवडून ग्रीस लावून घट्ट केलीत. पुढच्या बुधवारी हेदवीच्या चढावर गाडी पुन्हा गेली. मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं. रिले काढून ठेवतो, पैसे परत घ्या." इतकी गॅरेजं पाहिली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

पण त्या दिवशी मी काटा पाहिला होता. धाडकन.

वहीत तोवर सात नोंदी झाल्या होत्या. सातही वेळा गाडी तासभर तरी चाललेली, आणि त्यातल्या पाच बोटीत किंवा जेटीवर. मला वाटत होतं, बोटीच्या हादऱ्याने काहीतरी हलतं. तुम्ही वही उलटसुलट करून म्हणालात, बोटीचा दोष नाही, बोटीत इंजिन बंद असतं त्याचा आहे. चालत्या गाडीत वारा लागतो, पाणी फिरतं, पंखा चालतो. चढउतार करून आलेली गाडी बंद केली की हे सगळं थांबतं, आणि इंजिनची आच बॉनेटखाली कोंडते. भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं तरी आत शिजत राहतं, तसं. रांगेत अर्धा तास आणि मग बोट, एवढ्यात आतल्या एखाद्या वस्तूला ती आच सोसत नाही.

ती वस्तू शोधायला तुम्ही दुकान बंद करून बोटीने पलीकडे तवसाळला आलात. आईला त्या दिवशी आणलं नव्हतं. हेदवीपर्यंत जाऊन परत येईतो गाडी तापवली, बोटीत चढवली आणि दोघं ती बंद पडायची वाट बघत बसलो. गाडी बंद पडावी म्हणून देवाला हात जोडले, असं आयुष्यात एकदाच झालं. पडली. पोरांनी पुन्हा ढकलली (आणि ढकलताना काय झालं ते आपल्यातच राहू दे).

वर आल्यावर तुम्ही एक जादा प्लग लावून बघितलात, ठिणगी नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरलाही इशारा नाही. पंप मात्र गुणगुणतोय. "पेट्रोल आणि ठिणगी दोघं एकदम रुसली, म्हणजे त्यांना निरोप देणाराच गप्प झाला." मग खाली वाकून बाटलीतलं गार पाणी तुम्ही क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय ही खबर देणाऱ्या त्या वस्तूवर, ओतलंत आणि मला म्हणालात, "मारा." अर्ध्या फिरकीत सुरू! मी टाळ्या वाजवल्या, तुम्हाला लाज वाटली.

काढलेला सेन्सर तुम्ही फेकला नाहीत, हे मला फार आवडलं. चहाच्या आधणात त्याचं तोंड बुडवून मीटर लावलात. आतल्या तारेच्या रोधाचा साडेपाचशे ओहमवरचा आकडा चढत चढत साडेसहाशेच्या पुढे गेला, आणि एकदम कोपऱ्यात नुसता १ उरला. म्हणजे आतली केसाएवढी तार तापून सुटली. गार झाल्यावर पुन्हा साडेपाचशे. इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकाचे, फ्लायव्हीलचे, दात समोरून गेले की ही तार इशारा देते, त्यावरून कॉम्प्युटर ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. सहावीला चुंबक शिकवताना मला असं काही दाखवता आलं असतं तर!

रत्नागिरीत ४५० रुपयांना डुप्लिकेट मिळत होता. तुम्ही नको म्हणालात, "दोन महिन्यांत हेच नाटक." कोल्हापूरहून एसटीने अस्सल मागवलात, १,४०० रुपयांचा. मजुरी घेतलीत २००, आणि तीसुद्धा मी हातात कोंबली म्हणून. तवसाळचं बोटीचं तिकीट तुम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

उतारावरचा प्रसंग मी तुम्हाला सगळ्यात शेवटी सांगितला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर रागावलात. "क्लच का दाबलात?" गिअरमध्ये राहू दिली असती तर चाकांनी इंजिन फिरतं ठेवलं असतं, आणि माझ्या गाडीसारख्या जुन्या गाडीत ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत टिकली असती. ब्रेक दाबसोड करायचा नाही, दाबून धरायचा. इंजिन थांबल्यावर ब्रेकला मदत करणारी साठलेली हवेची ओढ एकदोनदाच पुरते. चावी मागे फिरवून काढायची तर मुळीच नाही, स्टिअरिंगला कुलूप बसेल. हे सगळं मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून घेतलं आहे. आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका नव्याने गाडी शिकल्या, त्यांनाही वाचून दाखवलं.

एप्रिलच्या शेवटापासून आज गौरी-गणपती होऊन गेले, गाडी एकदाही थांबलेली नाही. आईचा दुसरा डोळाही झाला. मेस्त्री, मी जे सांगत होते ते तुम्ही खरं धरलंत आणि तिथून कामाला लागलात, त्याचे आभार कसे मानायचे ते मला नीट येत नाही. म्हणून हे एवढं लांबलं.

बुधवारी ऑइल बदलायला येते आहे. आई बरोबर असेल, तिने तुमच्यासाठी कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे. मात्र आता तिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं, आणि काल तिने गाडीच्या डाव्या दारावर बोट ठेवून विचारलं, "हा पोचा कधी पडला?" तुम्हालाही विचारेल. जेटीचा कठडा, तुम्ही, मी आणि बोटीवरची पोरं यांच्यापलीकडे ते जाऊ देऊ नका.

तुमची,
गुहागरची बाई