परसबागेतील संकरित टोमॅटो : आक्षेप वाणावर नको, माहितीच्या अभावावर हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या साप्ताहिक पुरवणीत परसबागेविषयी वाचकांचे जे लेखन सध्या प्रसिद्ध होत आहे, त्यात ‘घरी लावायचे तर गावरानच लावा, संकरित टोमॅटो विषारी असतो’ असा सूर वारंवार उमटतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हापासून आमच्या लातुरात गच्चीवर आणि अंगणात टोमॅटो लावणारी घरे माझ्या पाहण्यात बरीच वाढली आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात हीच शंका आहे. म्हणून या विषयाची दुसरी बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संकरित वाण आणि जनुकीय बदल केलेले वाण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोच्या लागवडीला परवानगीच नाही. त्या मार्गाने आलेले आणि शेतकऱ्यांपर्यंत अधिकृतपणे पोहोचलेले पीक म्हणजे २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. संकरित टोमॅटोत मात्र टोमॅटोच्याच दोन निवडक वाणांचा मिलाफ केलेला असतो, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे तर माणसांच्या हातांनी होतो. हे काम पाहायला आपल्याला लांब जायलाही नको. जालना आणि त्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बी तयार होते. मादी वाणाची उद्या उमलणारी कळी हेरून, चिमट्याने तिच्यातील पिवळे पुंकेसर अलगद काढून टाकायचे, पुढे नर वाणाचे पराग तिच्या कुक्षीला लावायचे आणि संकर झालेले फळ नंतर ओळखू यावे म्हणून फुलाची एकदोन हिरवी निदले कातरून ठेवायची, असे हे काम एकेका फुलावर चालते व त्यातील बरेचसे स्त्रियाच करतात. या बियाण्याची किंमत जास्त का असते, याचे मोठे कारण ही मजुरीच आहे.

विषाचा समज बहुधा पाकिटातील गुलाबी रंगाच्या बियाण्यामुळे पसरला असावा. तो रंग बुरशीनाशकाच्या प्रक्रियेची खूण म्हणून दिलेला असतो. असे बी तोंडात घालायचे नसते व पेरल्यावर हात धुवायचे असतात, हे खरेच. पण वाण संकरित असण्याशी त्या प्रक्रियेचा काही संबंध नाही, कारण सरळ वाणाच्या, म्हणजे ज्याचे घरचे बी पेरले तरी तसेच झाड येते अशा संकर नसलेल्या वाणाच्या, बियाण्यालाही ती केली जाते.

गावरान वाणाच्या बाजूने एक मुद्दा मात्र निर्विवाद आहे, तो म्हणजे घरचे बी धरण्याचा. टोमॅटोच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्यामुळे सरळ वाणाचे बी वर्षानुवर्षे राखता येते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी यशश्री’ किंवा राहुरीचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे असे सरळ वाण आहेत. संकरित झाडाच्या फळातील बी पेरल्यास पुढच्या पिढीत गुण फाटतात : एखादे झाड उंच, एखादे खुजे, एकाचे फळ गोल तर दुसऱ्याचे लांबट. रोगप्रतिकाराचा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असेल, तर चार झाडांमागे साधारण एक झाड त्याला मुकते. ज्यांना बी राखण्यातच आनंद आहे त्यांनी सरळ वाण लावावेत. पण ज्यांच्या अंगणात जेमतेम सहा झाडांची जागा आहे आणि त्यांतील चार दरवर्षी बोकड्या या विषाणूजन्य रोगाने आक्रसून जातात, त्यांना संकरिताला हात लावू नका असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूवर झाडाला लागण झाल्यानंतर औषध नाही. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण हा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे व त्याचे फळ ९० ते १०० ग्रॅमचे भरते. घरातील माणसे रोज ज्या अंगणात वावरतात तेथे फवारणीची गरज जितकी कमी, तितके बरे. त्यामुळे परसबागेला असा वाण शेतापेक्षाही अधिक उपयोगी आहे.

चवीबद्दलची तक्रार मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. लांबच्या बाजारासाठी निवडलेल्या अनेक संकरितांची साल जाड आणि गर घट्ट असतो. तरीही बाजारातील टोमॅटो बेचव लागण्याचा बराचसा दोष तो रंग धरू लागताच तोडण्याकडे, आणि उरलेला आपण तो फ्रिजमध्ये कोंबण्याकडे जातो. तोच वाण घरच्या झाडावर पूर्ण लाल होऊ दिला आणि तोडल्यावर बाहेरच ठेवला, तर सार करताना फरक सहज कळतो.

हंगामाविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण अपयशाचे खापर बहुतेक वेळा वाणावर फोडले जाते. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले आणि रात्रही उकाड्याचीच राहिली की टोमॅटोचे पराग निकामी होतात व फुले गळतात. लागलेल्या फळांतही तांबडा रंग नीट न भरता ती पिवळसर राहतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये यावर कोणत्याही खताचा उपाय चालत नाही. सप्टेंबरमध्ये रोप टाकून ऑक्टोबरमध्ये लावणी केली, तर थंडीत फळ मिळते.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची आहे. फळाचा बूड काळा पडून आत चामड्यासारखा सुकतो, तेव्हा कॅल्शियम कमी पडले असे सांगितले जाते आणि मग मंडळी कुंडीत खडू, चुना, अंड्याची टरफले टाकत सुटतात. निव्वळ कोकोपीट आणि शेणखतावर भरलेल्या कुंडीत कॅल्शियम खरोखरच कमी असू शकते. परंतु मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर असते, आणि बोअरच्या पाण्याने बादलीला जो पांढरा थर चढतो तोही बहुतांशी चुन्याचाच असतो. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढते व त्यातही आधी पानांकडे जाते. नळाला आठवड्यातून एखादे वेळी पाणी येणाऱ्या वस्तीत त्या दिवशी वाफा तुडुंब भरायचा आणि मग माती भेगाळेपर्यंत वाट पाहायची, असे झाले की फळापर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय एकदम पाणी मिळाल्यावर पिकती फळे तडकतात. साठवलेल्या पाण्यातून रोज तांब्या-दोन तांबे घालणे आणि बुडाशी सोयाबीनच्या भुसाचे जाड आच्छादन देणे, हा यावरचा खरा उपाय आहे. संकरित वाणाला फळे एकदम आणि जास्त लागतात, त्यामुळे ही हयगय त्याच्यावर लवकर दिसून येते, एवढेच.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे, म्हणजे वाणाची माहितीच मिळत नाही याकडे, येतो. टोमॅटोच्या काही वाणांची, म्हणजे झुडपी वाणांची, वाढ ठरावीक उंचीवर थांबते आणि शेंड्यालाच फुलांचा घोस येतो, तर काही वाण वेलासारखे वाढतच राहतात. झुडपी वाणाचे बगलफुटवे (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढून टाकले, तर त्यांवर येणारे पीकच हातचे जाते; वेलासारख्या वाणाचे ते काढले नाहीत आणि झाडाला बांबूचा आधार दिला नाही, तर सगळा पसारा जमिनीवर लोळतो. झुडपी वाणाला तुराट्यांचा आधारही पुरतो. म्हणजे छाटणी करायची की नाही, हे वाण कळल्याशिवाय ठरवताच येत नाही. परंतु रोपवाटिकेत ‘हे कोणते?’ असे विचारले, तर ‘साहेब, हायब्रीड आहे, भरपूर लागतात’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. बियाणे कायदा १९६६ मध्ये झाला. त्याच्या नियमांनुसार पाकिटावर वाण, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते, आणि टोमॅटोची किमान उगवणशक्ती ७० टक्के धरली आहे. रोपाच्या ट्रेपर्यंत येताना ही सारी माहिती गळून पडते. पाकीट स्वतः विकत घ्यावे म्हटले, तर कृषी सेवा केंद्रात ते प्रामुख्याने १० ग्रॅमचे असते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया धरल्या, तर सहा झाडांसाठी तीन हजार बिया घ्याव्या लागतात.

परसबाग करणाऱ्यांची मागणी फार मोठी नाही. रोपवाटिकांनी प्रत्येक ट्रेवर वाणाचे नाव, झुडपी की वेलासारखा याचा उल्लेख आणि पेरणीची तारीख लिहावी. कृषी विभागाने त्यांना तशी सूचना द्यावी. परभणीच्या विद्यापीठाने आणि जिल्ह्याजिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रांनी वीस-पंचवीस बियांची पाकिटे, सरळ वाणांची व संकरितांचीही, विक्रीला ठेवावीत आणि संकरिताच्या पाकिटावर ‘यातून घरचे बी धरू नये’ अशी स्पष्ट ओळ छापावी. आपल्या पुरवणीनेही वाचकांचे अनुभव छापताना वाणाचे नाव आणि लावणीचा महिना आवर्जून मागवावा. रब्बीसाठी रोपे सप्टेंबरमध्ये टाकली जातात, तेव्हा ही व्यवस्था ऑगस्टअखेर झाली, तर याच हंगामात तिचा उपयोग होईल.

आपला नम्र,
एक वाचक, लातूर