अहेराची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या थाटामाटावर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. लेखकाचा राग मुख्यतः लांबलेल्या कार्यक्रमांवर, मेजवान्यांवर आणि रोषणाईवर आहे; हा सगळा खर्च करदात्यांच्या माथी पडतो, असंही ते म्हणतात. मी बँकेत तीस वर्षं जमाखर्च तपासण्यात घालवली, त्यामुळे असल्या सोहळ्यात माझं लक्ष रोषणाईकडे कमी आणि वहीकडे जास्त जातं. म्हणून हे पत्र.

लांबीची तक्रार तशी जुनीच. राज्यघटनेने दिलेली शपथ ३५ शब्दांची आहे. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. वॉशिंग्टन यांनी १७९३ साली दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हाचं त्यांचं भाषण अवघं १३५ शब्दांचं होतं. पुढे मात्र नमनालाच घडाभर तेल जाऊ लागलं. १८४१ साली विल्यम हेन्री हॅरिसन मार्चच्या थंडीत ओव्हरकोट न घालता जवळजवळ दोन तास बोलले, साडेआठ हजारांच्या आसपास शब्द. बरोबर महिन्याने ते वारले. लोकांनी खापर त्या भाषणावर फोडलं. हल्लीचे डॉक्टर व्हाइट हाउसच्या दूषित पाण्याकडे बोट दाखवतात, पण भाषणाची गोष्ट जास्त रंगते. ग्रँट यांच्या १८७३ च्या नृत्यसमारंभात पाहुण्यांना रिझवायला कॅनरी पक्षी आणले होते. ते बिचारे पिंजऱ्यातच गारठून मेले. आणि आयझेनहॉवर यांचं १९५३ चं संचलन साडेचार तास चाललं, त्यात हत्तीसुद्धा होते.

आता माझा अनुभव. २००९ च्या जानेवारीत आम्ही दोघं व्हर्जिनियात मुलीकडे होतो. आयुष्यात परत योग यायचा नाही म्हणून पहाटे चारला उठून, अंगावर सापडेल तो स्वेटर चढवून मेट्रोने निघालो. स्टेशनात शिरायलाच तास गेला. आमच्याकडे तिकिटं नव्हती, त्यामुळे वॉशिंग्टन स्मारकाजवळच्या मोठ्या पडद्यापुढे उभे राहिलो. तापमान शून्याखाली. बायकोने पिशवीतून तिळाच्या वड्या काढल्या आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला दिल्या; त्यांनी आम्हाला थर्मासमधली कॉफी दिली. ती अठरा लाखांची गर्दी होती असं नंतर वाचलं. ओबामा शपथ घेताना सरन्यायाधीशांकडून शब्द मागेपुढे झाले, तेव्हा सगळ्या मैदानात हसू पसरलं. त्या गर्दीत उभं राहिलेल्या माणसाला ‘हा सारा फुकटचा तमाशा’ असं म्हणणं जड जातं. पंढरीच्या वाळवंटात उभं राहून वारीचा खर्च किती, असं कोणी विचारत नाही.

पण त्याच शपथेची दुसऱ्या दिवशीची गोष्ट ऐका. शब्दांचा घोळ झाला होता, शंकेला जागा नको म्हणून २१ तारखेला व्हाइट हाउसच्या एका खोलीत शपथ पुन्हा घेतली गेली. ना गर्दी, ना बँड. उपाध्यक्ष कूलिज यांचंही तसंच. १९२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी आली तेव्हा ते व्हरमाँटमधल्या खेड्यात वडिलांच्या घरी होते. रात्री पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या वडिलांनीच मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. आणि १९४५ साली, युद्ध चालू असताना, रूझवेल्ट यांनी संसदेने मंजूर केलेले २५ हजार डॉलर बाजूला सारून दोन हजारांच्या आत सारं आटोपतो असं सांगितलं. संचलन नाही, व्हाइट हाउसच्या मागच्या सज्ज्यात छोटासा समारंभ.

खरा मुद्दा पैशाचा, आणि इथे लेखात एक गल्लत झाली आहे. हा सगळा खर्च करदात्यांच्या माथी नसतो. कॅपिटॉलवरचा, म्हणजे संसद भवनावरचा, शपथविधी आणि बंदोबस्त सरकारी पैशातून होतो. नाच, मैफली, मेजवान्या हा भाग निवडून आलेल्या अध्यक्षांची समिती करते, आणि ती चालते देणग्यांवर. म्हणजे आपल्या भाषेत, अहेरावर.

या अहेराला कायद्याने मर्यादा नाही. निवडणूक प्रचारासाठी उमेदवाराला देणगी देताना वरची हद्द असते; निवडून आल्यावर कंपनीने कितीही द्यावं. परक्या देशाच्या नागरिकाने देऊ नये, एवढंच बंधन. हद्द घालायची तर समितीने आपणहून घालायची. धाकट्या बुशनी २००५ साली अडीच लाख डॉलरची घातली. ओबामांनी २००९ ला पन्नास हजारांची घातली, कंपन्यांचा पैसा नाकारला. चार वर्षांनी मात्र त्यांनीच कंपन्यांना दार उघडलं. ट्रम्प यांच्या २०१७ च्या समितीने १० कोटी ७० लाख डॉलर गोळा केले, त्यात कॅसिनोवाले शेल्डन अ‍ॅडेलसन यांचे एकट्याचे ५० लाख. २०२५ ला आकडा २४ कोटींच्या घरात गेला, रुपयांत सुमारे दोन हजार कोटी. अ‍ॅमेझॉन, मेटा यांचे दहा-दहा लाख गाजले, पण सर्वांत मोठा अहेर, ५० लाखांचा, पिलग्रिम्स प्राइड या कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीचा होता. कडाक्याच्या थंडीमुळे ऐनवेळी शपथविधी आत, घुमटाखाली घ्यावा लागला, जिथे सहाशेच्या आसपास माणसं मावतात. पैसा सर्वांत जास्त आणि समोर माणसं मोजकी, असा योग त्या दिवशी जुळला.

आपल्याकडे लग्नपत्रिकेवर ‘कृपया अहेर आणू नये’ छापतात, तरी दाराशी एक भाचा वही घेऊन बसतोच. ती वही कशासाठी असते हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. त्यांच्या घरी कार्य निघालं की काढून बघायची. अमेरिकेतही अशी वही आहे: दोनशे डॉलर किंवा अधिक देणाऱ्याचं नाव नव्वद दिवसांत निवडणूक आयोगाकडे कळवावं लागतं. पण ती फक्त जमेची बाजू. खर्च कशावर झाला, कोणाला दिला, किती उरले आणि उरलेल्याचं काय केलं, हे आयोगाला कळवण्याची सक्ती नाही. २०१७ च्या समितीने ट्रम्प यांच्याच हॉटेलला जास्त भाडं मोजल्याचा दावा कोर्टात गेला, तो २०२२ साली साडेसात लाख डॉलर देऊन, चूक कबूल न करता, मिटला. आमच्या शाखेत एखाद्याने अशी एका बाजूची खतावणी आणली असती तर साहेबांनी ती टेबलावरून परत सरकवली असती.

तेव्हा रोषणाईवर रागावून उपयोग नाही. जॉर्जियाच्या खेड्यातून आलेले कार्टर १९७७ साली गाडीतून उतरून पायी चालले, त्याचं कौतुक मलाही आहे. पण उद्या एखादा अध्यक्ष पायी चालला आणि मागून अहेर घेत राहिला, तर त्याची साधेपणाची बातमीच छापून येईल.

पुढचा शपथविधी २० जानेवारी २०२९ ला, शनिवारी. देणगीदारांची यादी येते एप्रिलात, तोवर सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. आपल्या प्रतिनिधीने डायरीत एप्रिलची तारीखही आत्ताच लिहून ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पुणे