जुन्या वेली वाचल्या कशा?

रविवार पुरवणीतील दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हेन्श्के कुटुंबाच्या वायनरीवरील लेख वाचला. १८६० च्या सुमारास लावलेल्या द्राक्षवेली अजून फळतात, याचे सारे श्रेय लेखकाने घराण्याच्या निष्ठेला दिले आहे. ते अर्धेच खरे. मुळांतला रस शोषणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातले मळे उजाड केले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरच्या रोपांवर कडक निर्बंध घातले आणि कीड तिथे पोहोचलीच नाही. आमच्या काटोलच्या बागेतली संत्र्याची झाडे मात्र ऐन भरात डिंक्याने गेली. बुंध्यातून डिंक ओघळायचा, साल खरवडली की आत तपकिरी चट्टा. वडिलांची माया कमी नव्हती. कलमेच रोगट निघाली. रोपवाटिकांच्या तपासणीवरही एकदा लिहा.

– एक संत्रा बागायतदार, नागपूर